जपानी छापचित्रांतला पाऊस कसा पाहावा

ओल्या दिवसाचे जपानी छापचित्र पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी छत्र्या पाहतो, मग पूल, मग नदी, आणि चित्रभर पसरलेल्या बारीक रेषांवरून त्याची नजर तशीच घसरून जाते. मीही कित्येक वर्षे असेच पाहत होतो. एके दिवशी हातात भिंग घेऊन एकाच चित्रातल्या पावसाच्या रेषा मोजत बसलो आणि शंभराच्या पुढे मोजणे सोडून दिले; पण तेवढ्यात एक गोष्ट ध्यानात आली, की या चित्रातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत धाडसाचे काम पाऊसच आहे. नवख्या वाचकाला घरबसल्या, एका वेळी एक चित्र घेऊन, हा पाऊस नीट पाहता यावा म्हणून त्या पाहण्याचा एक क्रम इथे मांडला आहे.

त्याआधी ओळखीपुरते थोडे. या चित्रांना जपानी भाषेत उकियो-ए म्हणतात. ती लाकडी ठशांवरून हाताने कागदावर छापली जात, आणि एका चित्रामागे निदान चौघांचे काम असे: पैसा घालणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, ते रेखाटन लाकडात कोरणारा कारागीर आणि ते कागदावर उतरवणारा छपाईचा कारागीर. चित्रावर सही चित्रकाराची असते, पुष्कळदा प्रकाशकाची खूणही असते. उरलेल्या दोघांची नावे बहुतेक वेळा हरवलेली आहेत. पावसाच्या चित्रांविषयी मला विशेष आस्था वाटते ती यासाठी, की या दोन अनाम माणसांचा हात पावसात जितका स्पष्ट दिसतो तितका तो दुसरीकडे क्वचितच दिसतो. अनेक रंगांची छपाई, जिला निशिकी-ए म्हणतात, ती १७६५ च्या सुमारास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, रूढ झाली. आणि आपल्याला ज्यांच्याकडे सर्वांत जास्त वेळ द्यायचा आहे ते उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) त्यानंतर दोन पिढ्यांनी आले.

पहिली पायरी : एकच चित्र घ्यावे आणि ते खऱ्या मापात पाहावे

सुरुवातीला दहा चित्रे चाळण्यापेक्षा एकच चित्र तासभर पाहावे, आणि ते ‘ओहाशी पुलावर आणि आताकेवर अचानक आलेली सर’ हेच असावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हिरोशिगेंनी आयुष्याच्या अखेरीस ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ ही मालिका केली. तिच्यातले हे चित्र १८५७ सालचे. सुमिदा नदीवरचा लाकडी पूल, त्यावर अंग चोरून धावणारे मोजके लोक, खाली नदीत ओंडक्यांचा तराफा वल्हवणारा एकटा माणूस, आणि पलीकडे पावसात विरघळलेला आताकेचा काठ, एवढाच या चित्राचा ऐवज आहे. आताके हे नाव तिथे पूर्वी नांगरलेल्या, शोगुनच्या म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, आताकेमारू या युद्धनौकेवरून पडले.

या मालिकेचा पूर्ण संच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमकडे आहे, आणि तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनेही आपल्या संग्रहातली असंख्य छापचित्रे मोठ्या आकारात, विनामूल्य, इंटरनेटवर खुली केली आहेत. ती मोबाइलवर पाहू नयेत. ओबान नावाचा हा कागद साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटरचा असतो. तेव्हा संगणकाच्या पडद्याला फूटपट्टी लावून चित्र तेवढ्याच आकाराचे करून घ्यावे आणि हातभर अंतरावरून पाहावे. मोबाइलवर पावसाच्या रेषा एकमेकींत मिसळून नुसती राखाडी छटा होतात, आणि मग पाहायला काही उरत नाही. खऱ्या मापात पाहून झाल्यावरच मोठे करून बारकावे शोधावेत, कारण आधी मोठे केले की डोळा तपशिलात अडकतो आणि पाऊस एकसंध कोसळतो आहे ही मुख्य जाणीव निसटते.

दुसरी पायरी : शीर्षकातला पाऊस ओळखावा

चित्राच्या कोपऱ्यात रंगीत चौकटीत मालिकेचे आणि दृश्याचे नाव लिहिलेले असते, आणि संग्रहालये त्याचे लिप्यंतर देतात. त्यात पावसाचे कोणते नाव आले आहे ते आधी पाहावे, कारण जपानी भाषेत पावसाला नुसते पाऊस म्हणून भागत नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही; वळीव, झड, रिमझिम, भुरभुर आणि संततधार यांत किती अंतर आहे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते.

‘युदाची’ म्हणजे ऐन उन्हाळ्यात दिवस कलता कलता एकदम भरून येणारी आणि तितक्याच झटक्यात ओसरणारी सर. वळिवाशी तिचे साम्य आहे, पण वळीव आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर येतो, तर युदाची जपानचा पावसाळा सरल्यावरच्या उकाड्यात येते; म्हणून तिच्यात वर्दी नसते, नुसती तारांबळ असते. ओहाशी पुलावरची सर ती हीच. ‘हाकू’, शब्दशः पांढरा पाऊस, हेही अशाच जोरदार सरीचे नाव आहे. ‘हारुसामे’ वसंतातला मऊ, अंगाला न लागणारा पाऊस. ‘सामिदारे’ जुन्या चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याची लांबलेली झड. ‘शिगुरे’ शरद संपून थंडी सुरू होताना मध्येच येऊन जाणारा गार शिडकावा.

‘याऊ’ म्हणजे रात्रीचा पाऊस, आणि त्याला एक वेगळाच वारसा आहे. चीनमध्ये शियाव आणि शियांग या नद्यांच्या परिसरातली आठ दृश्ये चितारण्याची जुनी परंपरा होती. त्या आठांत एक दृश्य रात्रीच्या पावसाचे असे. जपानने ही आठांची मांडणी उचलली आणि आपल्या तळ्यांना, उपनगरांना, अगदी घरातल्या खोल्यांनाही लावली. शीर्षकात आठ दृश्ये असा शब्द दिसला, की त्या संचात कुठेतरी रात्रीचा पाऊस असणार हे धरून चालावे.

काही नावांत कथाही दडलेली असते. तोकाइदो म्हणजे एदो आणि क्योतो यांना जोडणारा जुना रस्ता; त्यावरच्या मुक्कामांच्या ‘तोकाइदोची त्रेपन्न ठाणी’ या १८३३–३४ च्या सुमाराच्या मालिकेत ओइसो गावाच्या चित्राला हिरोशिगेंनी ‘तोराचा पाऊस’ असे नाव दिले. सोगा बंधूंनी ११९३ साली वडिलांच्या खुनाचा सूड घेतला आणि त्यात थोरला भाऊ मारला गेला. त्याची ओइसोची प्रेयसी तोरा हिच्या अश्रूंचा पाऊस पाचव्या महिन्याच्या २८ तारखेला पडतो, अशी समजूत होती. हे ठाऊक नसले तर ते चित्र म्हणजे समुद्रकाठच्या गावात शिरणाऱ्या भिजक्या वाटसरूंचे साधे दृश्य वाटते.

तिसरी पायरी : रेषा वाचावी

ही पायरी सर्वांत मोठी आहे, आणि वाचकाने इथे घाई करू नये.

आधी ही रेषा तयार कशी होते ते समजून घ्यावे. चित्रकाराचे रेखाटन पातळ कागदावर असते. तो कागद जंगली चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवतात आणि कारागीर त्यातून दिसणाऱ्या रेषांवरून कोरायला घेतो. छापताना फळीचा उंच राहिलेला भागच रंग घेतो. म्हणून रेषा कोरायची म्हणजे प्रत्यक्षात रेषा सोडून बाकीचे सगळे लाकूड काढून टाकायचे. पावसाच्या एका रेषेसाठी सुरीचा एक काप डावीकडून आणि एक उजवीकडून द्यावा लागतो, आणि दोहोंच्या मध्ये केसाएवढी लाकडाची धार उभी ठेवावी लागते. ती वीतभर लांब असते, सरळ असते, आणि तिच्या शेजारी तशीच दुसरी, तिसरी, चाळिसावी असते. सुरी एकदा जरी वाकडी गेली तरी धार तुटते. चेरीचे लाकूड कठीण आणि दाट पोताचे असल्यामुळेच हे शक्य होते.

हे नुसते वाचून पटत नाही, म्हणून एक प्रयोग सुचवतो. चित्राची साधी छापील प्रत काढून तिच्यावर बटर पेपर ठेवावा आणि टोकदार पेन्सिलीने, फूटपट्टी न वापरता, पावसाच्या वीस रेषा गिरवाव्यात. पाचव्या-सहाव्या रेषेला हात डगमगू लागतो. मग आठवावे, की मूळ कारागिराने हे लाकडात, दोन्ही बाजूंनी, आणि खोडायची सोय नसताना केले होते.

आता चित्राला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न तिरकेपणाचा. रेषा उभ्या आहेत की कललेल्या, आणि सगळ्या एकाच दिशेने कललेल्या आहेत काय? ओहाशीच्या चित्रात बारकाईने पाहिले तर रेषांचे दोन संच दिसतात. दोन्ही जवळजवळ उभे, पण त्यांच्या कलात किंचित फरक. ते दोन वेगवेगळ्या ठशांवरून एकावर एक छापलेले आहेत. या किंचित फरकाने काय साधले ते पाहण्यासारखे आहे. एकच संच असता तर पाऊस विणलेल्या पडद्यासारखा सपाट दिसला असता. दोन संच एकमेकांना अतिशय निरुंद कोनात छेदतात तेव्हा काही रेषा जवळच्या आणि काही दूरच्या वाटू लागतात, हवेला खोली येते, आणि वारा क्षणाक्षणाला दिशा बदलतो आहे असा भास होतो. माझ्या मते सगळ्या उकियो-एत पावसावर केलेला याहून मोठा विचार नाही.

याच्या शेजारी ‘ओमीची आठ दृश्ये’ या मालिकेतला ‘कारासाकीचा रात्रीचा पाऊस’ ठेवावा. बिवा सरोवराच्या काठावरचा प्रसिद्ध, अवाढव्य पाइन वृक्ष, आणि त्याच्यावर सरळ खाली, दाट कोसळणारा पाऊस. इथे वारा नाही. काळोख्या रंगांत जवळजवळ बुडालेले ते झाड हेच चित्रातले एकमेव पात्र आहे, आणि रेषांचा उभेपणा त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो. सारी रात्र हा पाऊस असाच पडत राहणार, हे त्या उभ्या रेषाच सांगतात.

तिसरे चित्र तोकाइदो मालिकेतले ‘शोनो : हाकू’. यात रेषेचा तिरपेपणा एकटा येत नाही. चढ तिरका आहे, मागची बांबूची बने वाऱ्याने वाकून तिरकी झाली आहेत, आणि त्यावर पाऊस तिरका येतो. पालखी वाहणारे भोई एका अंगाने चढतात, छत्री सावरणारा माणूस आणि गवती पांघरूण घेतलेला शेतकरी दुसऱ्या अंगाने उतरतात. एवढ्या तिरक्या गोष्टी एकमेकींना छेदत असताना कुठेही टेकू मिळत नाही, आणि त्यामुळेच डोंगरउतारावरच्या सरीत सापडलेल्या माणसाची धांदल पाहणाऱ्याच्या अंगात उतरते. बांबूची बने तीन थरांत आहेत, आणि प्रत्येक मागचा थर अधिक फिका आहे. पावसात दूरचे दिसेनासे होते हे सांगायला यापलीकडे काही लागले नाही.

दुसरा प्रश्न रंगाचा. पाऊस पांढरा आहे की काळा? आपल्याला वाटते पाणी उजळ असायला हवे, पण हिरोशिगेंचा पाऊस बहुधा राखाडी किंवा काळसर असतो, कारण तो काजळीपासून केलेल्या सुमी शाईने छापलेला असतो. शाईत पाणी किती घालायचे हे छपाई करणारा ठरवतो. शाई फिकी असेल तर भुरभुर, दाट असेल तर झोड.

तिसरा प्रश्न रेषा कुठून कुठवर जाते हा. एक रेषा निवडावी आणि वरच्या कडेपासून बोटाने तिचा माग काढावा. ती पुलावरून जाते, माणसांवरून जाते, नदीवरून जाते, आणि कुणासाठीही थांबत नाही. म्हणजे पाऊस इथे दृश्याच्या आत नसून आपण आणि दृश्य यांच्या मध्ये आहे. आपण जणू दुसऱ्या काठावरच्या ओसरीत उभे राहून पाहत आहोत.

चौथा प्रश्न रेषेच्या जाडीचा. तिच्याकडे प्रतींची तुलना करताना पुन्हा वळू.

ही रेषा तुम्ही खरोखर वाचली की नाही हे तपासायचे असेल, तर व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८७ साली याच ओहाशीच्या चित्रावरून केलेले तैलचित्र शेजारी ठेवून पाहावे. ते आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. त्यांनी पूल, माणसे, तराफा सगळे निष्ठेने उतरवले, आणि भोवती जपानी अक्षरांची चौकटही रंगवली. पण कुंचल्याने ओढलेली तैलरंगाची रेषा मध्येच जाड होते, मध्येच पुसट होते, आणि नदीचे पाणीही त्यांच्या हातून फटकाऱ्याफटकाऱ्यांनी हलू लागले. मूळ चित्रात पाणी शांत आहे आणि हालचाल सगळी पावसात आहे. लाकूड काय करू शकते आणि रंग काय करू शकतो हे या एका जोडीत जितके कळते तितके लांबलचक विवेचनातून कळत नाही.

चौथी पायरी : वर पाहावे

ओहाशीच्या चित्राच्या माथ्यावर काळा ढग आहे, आणि त्याची खालची कड सरळ नाही; ती शाई पाण्यात पसरावी तशी फुटून उतरली आहे. रंग असा गडद ते फिका विरत नेण्याला बोकाशी म्हणतात. त्याच्यासाठी ठशावर काही कोरलेले नसते. छपाई करणारा सपाट ठसा ओला करतो, कुंचल्याने त्यावर रंग अशा बेताने फिरवतो की एका कडेला तो दाट राहावा आणि दुसरीकडे विरावा, मग कागद ठेवून बांबूच्या पानात गुंडाळलेल्या बारेन नावाच्या चकतीने मागून घासतो. दुसऱ्या कागदासाठी हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. ढगासारख्या अनियमित आकाराच्या बोकाशीला तर हाताखेरीज कशाचाच आधार नसतो, आणि म्हणून या चित्राच्या कोणत्याही दोन प्रतींत ढग तंतोतंत सारखा मिळत नाही.

नदीचा गर्द निळाही जाता जाता पाहून ठेवावा. तो प्रशियन ब्लू आहे; बर्लिनवरून त्याला जपानीत ‘बेरो’ म्हणत, आणि १८३० च्या सुमारास तो मुबलक मिळू लागल्यावर जपानी निसर्गचित्रांचा रंगच पालटला.

पाचवी पायरी : माणसे काय पांघरून आहेत ते पाहावे

इथवर आल्यावरच माणसांकडे वळावे. त्यांचे चेहरे बहुधा दिसत नाहीत; शोनोच्या चित्रात तर ते जवळजवळ दिसतच नाहीत. मग ओळख पटते ती पांघरुणावरून. गवताचे विणलेले ‘मिनो’ शेतकरी, नावाडी आणि कष्टकरी घेत; कोकणातल्या इरल्याचे हे सख्खे भावंड शोभेल, फक्त ते पानांचे आणि बांबूच्या कामट्यांचे, हे गवताचे. डोक्यावरची रुंद टोपी ‘कासा’. तेल लावलेल्या कागदाचा झगा म्हणजे ‘काप्पा’, आणि हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कापा’वरून आला. बांबूच्या काड्यांवर तेलकट कागद ताणलेल्या छत्र्या शहरी माणसांकडे असत. ज्याच्याजवळ काहीच नसे तो चटई डोक्यावर घेई.

तोकाइदो मालिकेतले ‘त्सुचियामा : वसंतातला पाऊस’ या दृष्टीने पाहावे. एका सरदाराच्या लवाजम्याचे लोक पाण्याने फुगलेल्या ओढ्यावरचा पूल माना खाली घालून ओलांडत आहेत. एरवी अशा मिरवणुका दिमाखाने चितारल्या जात; इथे पावसाने सगळ्यांना एकसारखी पाठ वाकवायला लावली आहे. हा भाग पावसासाठी प्रसिद्धच होता. त्या घाटातल्या घोडेवाल्यांच्या गाण्यातही एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला ढग आणि मधल्या त्सुचियामात पाऊस असे वर्णन येते.

त्याहून आधीच्या काळातले सुझुकी हारुनोबू यांचे ‘युदाची’ हे १७६५ चे चित्र मात्र चुकवू नये. सर आली म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला एक तरुणी धावली आहे. आपल्याकडच्या कोणत्याही गच्चीवर दिसणारे हे दृश्य. पण दांडीवर वाळत घातलेल्या किमोनोच्या नक्षीत त्या वर्षाचे नाव आणि त्या वर्षातल्या मोठ्या, म्हणजे तीस दिवसांच्या, चांद्र महिन्यांचे आकडे लपवले आहेत: दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा, आठवा, दहावा. हे चित्र म्हणजे एक दिनदर्शिका होती. हौशी रसिक मंडळी अशी चित्रे आपसांत वाटत, आणि त्यांच्या चोखंदळपणातूनच बहुरंगी छपाई बहरली.

सहावी पायरी : न काढलेला पाऊसही शोधावा

कात्सुशिका होकुसाई यांच्या ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या मालिकेत ‘पायथ्याशी कोसळणारी सर’ असे चित्र आहे. त्यात पावसाची एकही रेषा नाही. शिखर लख्ख उन्हात आहे, आणि खाली काळोख्या उतारावर विजेची वाकडीतिकडी रेघ उमटली आहे. फुजी एवढा उंच आहे की सर त्याच्या पायापाशीच अडते, हे सांगायला होकुसाईंना रेषा नकोच होत्या. त्यांनी पाऊस शीर्षकात ठेवला आणि आपल्याला ढगांच्या वर उभे केले.

हारुनोबूंनी तर आठ दृश्यांची परंपरा घरात आणली. त्यांच्या ‘दिवाणखान्यातली आठ दृश्ये’ या संचात रात्रीच्या पावसाची जागा चहाच्या मांडणीवरच्या किटलीने घेतली आहे. उकळत्या पाण्याचा आवाज हाच इथला रात्रीचा पाऊस. हे चित्र मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मला कान देऊन पाहावे लागते.

सातवी पायरी : एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी लावाव्यात

छापचित्राची मूळ प्रत एकच नसते, आणि नवखा वाचक इथेच सर्वाधिक गोंधळतो. ओहाशीच्या चित्राच्या निरनिराळ्या संग्रहालयांतल्या प्रती दोन खिडक्यांत उघडाव्यात. काही प्रतींत पलीकडच्या काठापाशी दोन होड्यांच्या राखाडी आकृती आहेत, काहींत त्या नाहीत. ढगाचा आकार वेगळा असतो, नदीतल्या निळ्याचा पट्टा वेगळा असतो. शोनोच्या चित्रात उघडलेल्या छत्रीकडे पाहावे: सुरुवातीच्या छपाईत तिच्यावर प्रकाशक ताकेनोउची यांचे नाव आणि मालिकेचे नाव अशी अक्षरे आहेत, पुढच्या प्रतींत ती नाहीत. भर पावसात धावणाऱ्या माणसाच्या छत्रीवर प्रकाशकाने आपली जाहिरात केली होती.

आता रेषेच्या जाडीचा मघाचा प्रश्न. लाकडाची ती केसाएवढी धार दर छपाईला थोडी दबते, झिजते, कुठे तुटते. सुरुवातीच्या प्रतीत पाऊस तारेसारखा बारीक आणि सलग असतो. पुष्कळ प्रती काढून झाल्यावर तो जाडसर होतो आणि मध्येमध्ये खंडित दिसतो. म्हणून एखादी प्रत आधीची की नंतरची याचा अंदाज घेताना मी आधी पावसाकडे पाहतो, रंगांकडे नंतर. कागद ठेवायच्या खुणा, ज्यांना केंतो म्हणतात, त्या नीट जुळवल्या नसतील तर रंग रेषेबाहेर सरकलेले दिसतात, तेही पाहावे.

आठवी पायरी : विसाव्या शतकातला पाऊस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा मंदावला. पुढे वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने जुन्या पद्धतीनेच, पण नव्या चित्रकारांना हाताशी धरून तो पुन्हा उभा केला; त्या चित्रांना शिन-हांगा म्हणजे नवी छापचित्रे म्हणतात. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत त्यांचे ठसे जळून गेले, तरी काम थांबले नाही. या फळीतले कावासे हासुई (१८८३–१९५७) हे पावसाचे आणि बर्फाचे चित्रकार म्हणून ओळखले जातात. त्यांचे १९३२ सालचे ‘माएकावातला पाऊस’ हिरोशिगेंच्या चित्रांनंतर पाहावे. रात्र आहे, घरांच्या खिडक्यांत उजेड आहे, आणि तो उजेड ओल्या रस्त्यावर सांडला आहे. हिरोशिगेंच्या पावसाने जमीन ओली होते की नाही याचा आपल्याला विचारही येत नाही. हासुईंच्या चित्रात पाऊस आकाशापेक्षा रस्त्यावरच अधिक पडलेला दिसतो. प्रतिबिंब रंगवण्याची ही दृष्टी पाश्चात्त्य चित्रकलेकडून आली, पण ते प्रतिबिंब छापणारा हात बोकाशीचाच आहे.

प्रत्यक्ष कागद हाती आला तर

पडद्यावर डोळा तयार झाल्यावर एखादी प्रत विकत घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. सुरुवातीच्या काळात एका दुकानातून मी चौकटीत बसवलेले एक चित्र हाताने छापलेले म्हणून घेऊन आलो होतो. घरी भिंग लावून पाहिले तर पावसाची प्रत्येक रेषा बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली होती. म्हणजे ते यंत्रावर छापलेले साधे चित्र होते. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहतो, आणि चित्र चौकटीतून काढून दाखवायला विक्रेता तयार नसेल तर परत फिरतो. पावसाच्या एका रेषेवर दहापट मोठे दाखवणारे भिंग धरावे. ठशाने छापलेली रेषा सलग रंगाची असते, तीत ठिपके नसतात. मग कागद उलटा करावा. हाताने घासून छापलेल्या कागदाच्या पाठीवर रंग झिरपलेला दिसतो आणि बारेनच्या घासण्याच्या गोलसर खुणाही पुष्कळदा दिसतात. शेवटी कागद खिडकीजवळ नेऊन उजेड तिरपा पडू द्यावा, म्हणजे ठशाने दाबलेल्या जागा आणि तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेल्या कागदातले लांब तंतू दोन्ही कळतात. जुनी प्रत परवडत नसेल तर त्यात कमीपणा मानू नये. तोक्योत आजही जुन्या चित्रांचे ठसे नव्याने हाताने कोरून, हातानेच छापणारे कारागीर आहेत, आणि रेषा वाचायला शिकण्यासाठी त्यांच्या प्रती उत्तम आहेत.

जपण्याविषयी एवढेच. वनस्पतीजन्य जुने रंग उजेडाने उडतात, म्हणून थेट उन्हात चित्र लावू नये, आणि लावले तरी वर्षातले काही महिने ते काढून आम्लरहित कागदात, अंधारात, आडवे ठेवावे. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी ते जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीवर मुळीच ठेवू नये. भिंतीला ओल येते, काचेच्या आत दमटपणा साठतो आणि कागदावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. काच आणि कागद यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवावे, आणि मागचा भाग चिकटपट्टीने न चिकटवता वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्यांवर तोलावा, म्हणजे हवेतल्या ओलीने कागद ताणला किंवा आक्रसला तरी त्याला हलायला जागा राहते.